‘सर्वतोपरी’ म्हणजे हेक्टरी किती?



दिवाळीनंतर सोयाबीन आडतीवर जाऊन पडते, तूर शेंगांवर येते आणि शाळा-महाविद्यालयांत संमेलनांचे दिवस सुरू होतात. या दिवसांत आपल्या नांदेड-लातूरकडच्या अनेक शाळांत एक कार्यक्रम होतो. बाकडी समोरासमोर मांडतात. एका बाजूला सत्ताधारी, दुसऱ्या बाजूला विरोधक, मधोमध उंच खुर्चीवर अध्यक्ष. मुलगे जाकीट घालतात, मुली काठाची साडी नेसतात. शपथविधी होतो, शोकप्रस्ताव होतो, प्रश्नोत्तराचा तास होतो, एखादे विधेयक मांडले जाते. विरोधक घोषणा देत सभात्याग करतात, घंटा वाजते, टाळ्या पडतात. याला अभिरूप संसद म्हणतात. कुठे युवा संसद म्हणतात.

हमीभाव, पीकविमा, वीज, पाणी सोडून पोरांच्या या कार्यक्रमाचा विषय जिल्हा बैठकीच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. भावाचा प्रश्न असो की विम्याचा, त्याचा निकाल कुठल्या तरी सभागृहात लागतो. तिथे नेमका प्रश्न विचारणारा माणूस एका दिवसात तयार होत नाही. तो शाळेत तयार होतो आहे का, हे बघणे शेतकऱ्याचे काम आहे. आज जी अभिरूप संसद आपल्या पोरांकडून करून घेतली जाते, तीत ती सरकारची नक्कल शिकतात. सरकारला जाब विचारायला शिकत नाहीत. हे बदलता येण्यासारखे आहे आणि ते बदलायला एक पैसाही लागत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

योजना जुनी आहे

ही कल्पना आजची नाही. १९६२ साली मुंबईत अखिल भारतीय प्रतोद परिषद भरली होती. तिने शाळा-महाविद्यालयांत अभिरूप संसदा घ्याव्यात अशी शिफारस केली. केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरू केली. पुढे १९८८ मध्ये केंद्रीय विद्यालये आणि १९९७-९८ मध्ये नवोदय विद्यालये, विद्यापीठे व महाविद्यालये तीत आली. नवोदय विद्यालये आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडला १९९४ पासून आहे. साधारण पन्नास-पंचावन्न विद्यार्थी, तासाभराची बैठक, परीक्षक, गुण आणि ढाल, असा या स्पर्धेचा साचा आहे.

आपल्या राज्याच्या विधिमंडळानेही या बाबतीत काम केले आहे. राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग घेतला जातो. मुले सभागृहाचे कामकाज डोळ्यांनी बघतात. विधान भवनातल्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला वि. स. पागे यांचे नाव आहे. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते, हे पुस्तकात असते. पण शेतकऱ्याच्या पोराला सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला, दुष्काळी माणसाला मागेल तेव्हा काम देण्याचा एक छोटा प्रयोग पाग्यांनी सुरू करून दिला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला. १९७७ मध्ये विधिमंडळाने त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराची मजुरी निघावी, अशी सोय त्यात होती. गावातली अडचण, तिच्यावरचा प्रयोग, पैशाची तजवीज आणि मग कायदा. सरकार कसे चालते हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. अभिरूप संसदेत तो कुणी घेतलेला मी अजून पाहिला नाही.

उलट अलीकडे हा कार्यक्रम भाषणाकडे अधिकच झुकला आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या युवक खात्याने अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांसाठी ‘विकसित भारत युवा संसद’ घेतली. आधी एक मिनिटाची चित्रफीत पाठवायची, निवड झाली की जिल्ह्याच्या फेरीत ‘एक देश, एक निवडणूक’ या विषयावर बोलायचे. बोलायला हरकत नाही. पण जिथे एकाच विषयावर एकामागून एक भाषणे होतात आणि कुणी कुणाला उत्तर देत नाही, तिला आपण लहानपणी वक्तृत्व स्पर्धा म्हणत होतो. विलायतेत युवा संसदेची मुले २००९ पासून खुद्द हाउस ऑफ कॉमन्सच्या बाकांवर बसत आली आहेत, आणि कशावर बोलायचे ते देशभरातल्या मुलांच्या मतदानाने ठरते. विषय वरून येत नाही, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

प्रश्न कसा विचारतात

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावले होते. शाळेचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही. कृषिमंत्री झालेल्या मुलाने खणखणीत आवाजात उत्तर दिले, “अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांना शासन सर्वतोपरी मदत करीत आहे.” विरोधी बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “सर्वतोपरी म्हणजे हेक्टरी किती?” सभागृह हसले. मंत्री गडबडला. कोपऱ्यात संहिता धरून उभ्या असलेल्या गुरुजींनी तिला हाताने खाली बसवले, कारण तो प्रश्न संहितेत नव्हता. बक्षीस समारंभात शिस्तीबद्दल शाळेचे कौतुक झाले.

त्या तासाभरात संसदेचे खरे काम कोणी केले असेल तर त्या पोरीने. तिने जे विचारले त्याला संसदेच्या भाषेत पूरक प्रश्न म्हणतात. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी घेतले जातात आणि त्यांची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, ती एवढ्याचसाठी, की मंत्र्याने खात्याकडून कागद मागवावेत आणि सभागृहात उभे राहून आकडा सांगावा. पूरक प्रश्न मात्र आधी देत नाहीत. मंत्र्याला आपले खाते किती ठाऊक आहे ते तिथे कळते. संहिता पाठ करून घेणारी अभिरूप संसद नेमके हेच काढून टाकते.

आपल्या विधानसभेतल्या प्रश्नाचा एक ठरावीक घाट आहे. ‘अमुक गावी अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरेही ठरलेली. ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ आपण या भाषेला हसतो. पण तिच्यातली करामत बघा. खरे आहे म्हटले तर पुढे चौकशी, नाही म्हटले तर पुढे विलंबाचे कारण. दोन्हीकडून दार लावून घेतलेले आहे. नववी-दहावीच्या पोराला हा घाट एकदा शिकवला तर तो जन्मभर तलाठी, बँक, विमा कंपनी, बाजार समिती, सगळीकडे वापरील. ‘मौजे अमुक या महसूल मंडळात सोयाबीनचा पीक कापणी प्रयोग कोणत्या गटात व कोणत्या तारखेला झाला? त्या वेळी कोण हजर होते? उत्पन्न किती आले? पंचनामा कोणाच्या सहीने झाला?’ विम्याच्या नावाने रस्त्यावर बसण्याआधी हे चार प्रश्न लेखी विचारलेले असतील, तर रस्त्यावर बसण्यालाही बळ येते.

पैसा, समिती आणि मत

अभिरूप संसदेत तीन गोष्टी मी जवळजवळ कधीच पाहिल्या नाहीत: अंदाजपत्रक, समिती आणि मोजलेले मत.

अंदाजपत्रक आले तरी ते अर्थमंत्र्याचे भाषण म्हणून येते. सगळ्यांना सगळे मिळते. रस्ता, धरण, कर्जमाफी, वसतिगृह. पोरांना कोणी सांगत नाही की थैली एक आहे आणि एका खात्याला वाढवले की दुसऱ्याचे कमी होते. खऱ्या संसदेतही याची हेळसांड होते. २०१८ च्या मार्चमध्ये लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या गोंधळात, चर्चेविना मंजूर केल्या. शेती खात्याचा पैसाही त्यातच गेला. खात्याला पैसा का व किती हे विचारण्याचा संसदेचा सर्वांत जुना हक्क त्या दिवशी न वापरता संपला. आपल्याकडे त्याची हाक ना बोंब. कारण असा हक्क असतो हे आपल्याला कुठल्या शाळेने शिकवले?

समितीचे तर लातूरशी नाते आहे. शिवराज पाटील चाकूरकर १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात, १९९३ मध्ये, खात्यांशी जोडलेल्या सतरा स्थायी समित्या आल्या. त्याआधी १९८९ पासून शेतीसकट तीन विषयांच्या समित्या होत्या. समितीत दाराआड, कॅमेऱ्याशिवाय, सर्व पक्षांचे लोक अधिकाऱ्याला समोर बसवून विचारतात, साक्षी घेतात, विधेयकाचे कलम-न्-कलम तपासतात. गडबडीने कायदा होऊ नये म्हणून हा बांध आहे.

आता २०२० आठवा. तीन कृषी कायदे ५ जूनला अध्यादेशाने आले. त्यांतली दोन विधेयके १७ सप्टेंबरला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनाच्याच तारखेला, लोकसभेत संमत झाली. ती समितीकडे गेली नाहीत. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतविभाजन मागत होते आणि गोंधळात आवाजी मताने ती संमत झाल्याचे जाहीर झाले. पुढे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसला. २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे मागे घेतले गेले, तेही जवळजवळ चर्चेविनाच. या कायद्यांवर शेतकरी चळवळीत दोन मते होती आणि आहेत. बाजार खुला व्हावा म्हणणारे होते, हमीभावाची भिंत पडेल म्हणणारेही होते. आपल्या बैठकीतही ती दोन्ही मते बसलेली आहेत. पण येताना चर्चा नाही आणि जाताना चर्चा नाही, याचा तोटा दोघांनाही झाला. कलम कुठे चुकले, कुठे बरे होते, हे आजही नोंदीत सापडत नाही.

मताचेही तसेच. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झाले. बाजूने १८६, विरोधात १. तो एक शरद जोशींचा. त्यांचे म्हणणे पटो न पटो, मला ते इथे तपासायचे नाही. पण मतविभाजन झाले म्हणून एका माणसाचे ‘नाही’ देशाच्या नोंदीत राहिले. आवाजी मतात ते वाहून गेले असते. अभिरूप संसदेत विधेयक नेहमी ‘होय’च्या गजरात संमत होते. सगळे एका बाजूला असताना एकट्याने हात वर करणे आणि त्याची नोंद मागणे, हे शिकवायची जागा तीच आहे.

खुर्च्या आल्या, प्रश्न राहिले

आपल्या दोन जिल्ह्यांना सत्तेची ओळख नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री नांदेड-लातूरने दिले. लोकसभेला अध्यक्ष दिला. विधानसभेत नांदेडचे नऊ आणि लातूरचे सहा, मिळून पंधरा आमदार बसतात. यांतल्या थोरांची सुरुवातही खालूनच झाली. विलासराव बाभळगावच्या ग्रामपंचायतीतून आले, चाकूरकर लातूरच्या नगरपालिकेतून. तरी २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मोठी खुर्ची आपल्या जिल्ह्यात आली म्हणजे आपला प्रश्न सुटला, हा समज किती पोकळ आहे ते यातून दिसते. खुर्चीवर कोण बसला एवढे आपण बघितले. त्याला कोणी काय विचारले आणि उत्तर काय आले, याचा हिशेब गावाने ठेवला नाही. अभिरूप संसदेत प्रत्येक पोराला पंतप्रधान व्हायचे असते, ते त्याच समजापोटी. साधा, मागच्या बाकावरचा, पण कागद वाचून आलेला सदस्य व्हायला कोणी तयार नसते.

आणि ज्या वयात हे प्रत्यक्ष शिकायचे, त्या वयात ती संधीही हिरावली गेली. मत देण्याचे वय १९८९ मध्ये अठरावर आले. पण १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या विद्यार्थी मंडळाच्या थेट निवडणुका बंद झाल्या. निवडणुकीत मारामाऱ्या होत, खूनसुद्धा झाला होता, हे खरे. नांदेडचे विद्यापीठ त्याच वर्षीचे. २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली. २०१९ मध्ये वेळापत्रक निघाले आणि विधानसभेच्या निवडणुकीचे कारण होऊन ते पुढे ढकलले गेले. मधल्या पंचवीस वर्षांत जी पोरे शिकून बाहेर पडली, त्यांना लोकसभेला मत होते, वर्गाबाहेरच्या मंडळाला नव्हते. त्यांना नाटकातली संसद दिली, खरी निवडणूक दिली नाही.

खरे सभागृह गावात आहे

मी परभणीला शेतीची पदवी घेतली. तिथे शेवटच्या वर्षाला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणून पोरांना गावात धाडतात. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पाणी वेळेवर असते, खत मोजून असते, वाण डोलत असतो. गावात गेल्यावर कळते की पाऊस बावीस दिवस उघडला आहे आणि कर्ज मिळाले नाही म्हणून खत पडलेच नाही. तेव्हा शेती कळायला लागते. नागरिकशास्त्राच्या पोराला असे गावात कोणी धाडत नाही. खरे तर त्याला धाडायचीही गरज नाही, तो गावातच राहतो. त्याच्या गावात एक खरे सभागृह आहे आणि अठरा पुरी होऊन मतदार यादीत नाव लागले की तो निवडणूक न लढवता त्याचा सदस्य होतो. त्या सभागृहाचे नाव ग्रामसभा.

तिचे नियम बघा. वर्षातून किमान चार सभा. सात दिवस आधी नोटीस आणि दवंडी. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल ते. २८८ आमदारांच्या विधानसभेला एकदशांश, म्हणजे २९ सदस्यांवर काम चालते. म्हणजे कायद्याने गावाकडून मुंबईपेक्षा अधिक अपेक्षा ठेवली आहे. पण पळवाटही ठेवली आहे. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. माझ्या ओळखीच्या एका गावात लाभार्थ्यांची यादी अशाच तहकूब सभेत, अकरा माणसांच्या सह्यांनी मंजूर झाली. सगळे नियमात. दुसऱ्या दिवशी पारावर शंभर माणसे शिव्या देत होती. पाराची शिवी कार्यवृत्तात लिहिली जात नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. शाळेच्या संसदेत आपली लेक पंतप्रधान होऊन तडाखेबंद बोलते आणि गावच्या सभेत तिची आई, सदस्य असूनही, वहीवर सही करून चुलीकडे परत जाते. या दोन चित्रांच्या मधली वाट शाळेने दाखवायची नाही तर कोणी दाखवायची?

सभागृहातला ठराव आणि गावातले मन यांत किती अंतर पडू शकते, हे मराठवाड्याने भोगलेले आहे. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. पाठोपाठ आपल्याच गावांत दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. ठरावाची अंमलबजावणी व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ठराव न्यायाचा होता. पण गावोगाव बसून, तोंडाला तोंड देऊन बोलण्याचे काम कोणी केले नव्हते. निजामाच्या राज्यात लहानाचा मोठा झालेला हा प्रदेश, १९५२ मध्ये पहिल्यांदा प्रौढ मताधिकाराने मतदान केलेला. इथे मतभेद बोलून सोडवण्याची सवय लावून घ्यावी लागते. ती आपोआप येत नाही.

गुरुजींची अडचण

मी हे बोलतो तेव्हा शिक्षक मित्र दोन अडचणी सांगतात. एक, संहिता दिली नाही तर पोरे गोंधळ घालतील आणि तासात काही उरकणार नाही. दोन, खरे प्रश्न घेतले तर शाळेत राजकारण शिरेल, संस्थेवर कोणी तरी नाराज होईल.

पहिली अडचण खरी आहे. अध्यक्षाकडे बघून बोलणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, विरोधकाचे पुरे ऐकून घेणे, ही शिस्त या कार्यक्रमातून येते आणि ती मोलाची आहे. मोठमोठ्या शेतकरी मेळाव्यांतही ती नसते. तिथे टाळ्या मिळतात, पण ‘ठरावात माझी एक दुरुस्ती आहे’ म्हणून कोणी उठत नाही. म्हणून शिस्त राहू द्या. नियम पाठ करून घ्या, उत्तरे नको.

दुसऱ्या अडचणीला उत्तर असे, की पक्षाचे नाव न घेता गावाचा हिशेब विचारता येतो. हातपंप किती, चालू किती, दुरुस्तीचा खर्च किती, यात कोणता पक्ष आला? आणि ज्याला हेही राजकारण वाटते, त्याच्या मनात शाळेविषयी नव्हे, हिशेबाविषयी भीती आहे.

काय करता येईल

पाच गोष्टी सुचवतो. कुठल्याही माध्यमिक शाळेला झेपतील अशा आहेत.

पहिली. प्रश्न पंधरा दिवस आधी लेखी द्यावेत, मंत्री झालेल्या मुलाने खऱ्या कागदांवरून उत्तर तयार करावे. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक, गावची पैसेवारी, बाजार समितीचे आवक-भाव. कागद मिळाला नाही तर ‘कागद मिळाला नाही, अर्ज अमुक तारखेला केला’ हेच उत्तर द्यावे. तेही शिक्षणच आहे.

दुसरी. बाजू चिठ्ठी टाकून ठरवावी. आडत्याच्या पोराने शेतकऱ्याची बाजू मांडावी, शेतकऱ्याच्या पोरीने अर्थमंत्री व्हावे आणि तिच्या हातात ठरावीक रक्कम द्यावी. वाढवायचे तर कुठले कमी करायचे ते तिनेच सांगावे.

तिसरी. विधेयकाआधी समिती बसावी आणि साक्षीला खरी माणसे बोलवावीत. हमाल, आडत्या, बँकेचा माणूस, बटईने शेती करणारा, ऊसतोडीला जाऊन आलेली बाई. आपले कार्यकर्ते यासाठी अर्धा दिवस देऊ शकतात. भाषण द्यायला मात्र जाऊ नये. साक्षीदार म्हणून जावे आणि पोरे विचारतील त्याला उत्तर द्यावे.

चौथी. शेवटी नाव घेऊन मतदान व्हावे आणि कार्यवृत्त लिहावे. कोण बाजूने, कोण विरोधात, कोण तटस्थ. ते शाळेच्या फळ्यावर आठवडाभर राहावे.

पाचवी. वर्षातून एकदा नववी-दहावीच्या पोरांनी ग्रामसभेत मागे बसून ऐकावे. त्यांना मत नाही, पण डोळे-कान आहेत. आलेल्या माणसांची मोजणी त्यांनी करावी. पोरे मोजताहेत म्हटल्यावर गणपूर्तीची सही करणारा हात जरा थबकेल.

एवढ्याने भाव वाढणार नाही, विमा खात्यावर येणार नाही, हे मला कळते. लातूरला डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी जी पोरे शिकवण्यांत बसली आहेत, त्यांच्या वेळापत्रकात नागरिकशास्त्राला जागा नाही, हेही ठाऊक आहे. पण शेतात आणि गावात राहणार आहे ते पोर आपले आहे. उद्या पंचायतीत, सोसायटीत, बाजार समितीत तेच बसणार आहे. तिथे त्याच्यासमोर कागद येईल आणि ‘सही कर’ म्हणणारा माणूस घाईत असेल. त्या वेळी ‘थांबा, वाचून सांगतो’ म्हणण्याची सवय त्याला आधी लागलेली हवी.

नांदेड आणि लातूरच्या येत्या जिल्हा बैठकांत मी पुढील ठराव मांडणार आहे. दुरुस्त्या घेऊन या. “दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या तालुका शाखांनी आपल्या भागातील किमान एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून संहितेविना अभिरूप सभागृह घेण्याची विनंती करावी. साक्षीसाठी लागणारी माणसे आणि लागणारे कागद मिळवून देण्याची जबाबदारी शाखेने घ्यावी. झालेल्या कामकाजाचे कार्यवृत्त पुढील जिल्हा बैठकीत वाचावे.” ठरावावर हात मोजून मत घ्यावे आणि विरोधातली नावेही लिहावीत, अशी माझी अध्यक्षांना विनंती राहील.